गाण्याची आवड आणि घरखर्च: ग्वाल्हेरात राहून दोन्ही कसं जमवावं

ग्वाल्हेरच्या मराठी घरात कुणी गाणं शिकतं याचं फारसं कौतुक होत नाही. शहराच्या लष्कर भागातलं कुठलंही जुनं घर घ्या. एखादी आत्या विशारद झालेली असते, एखाद्या काकांनी माधव संगीत महाविद्यालयात चार वर्षं काढलेली असतात आणि माळ्यावर खोळ घातलेला तंबोरा पडलेला असतो. पंचाईत होते ती बारावीनंतर. "गाणं शिकतेस ते चांगलंच, पण करणार काय?" यावर "गायिका होणार" असं उत्तर आलं की घरचे मान डोलावतात आणि हळूच सीएच्या क्लासची चौकशी सुरू करतात.

घरच्यांची काळजी खोटी नाही. नुसत्या मैफली गाऊन घर चालवणारे फार थोडे. पण संगीतावर घर चालवणारे तेवढे थोडे नाहीत; ते सतरंजीच्या मधोमध बसत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत. पेटीवर, तबल्यावर, शाळेच्या संगीतवर्गात, ध्वनिमिश्रकामागे, तंबोऱ्याची जवारी काढत (म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासत) बसलेली ही माणसं. माझं म्हणणं असं की पहिली पाच वर्षं मधोमध बसायची घाई करू नका. आधी अशी कामं शिका की दुसऱ्या कलावंतांचं तुमच्यावाचून अडावं. फोन अशांचाच वाजतो, आणि गाणाऱ्यांच्या जवळ बसायला मिळतं तेही त्यांनाच.

या शहराचा इतिहासही याच बाजूनं बोलतो. ग्वाल्हेर घराण्याचे ख्यालगायक हद्दू खाँ, हस्सू खाँ यांना शिंदे दरबाराचा आश्रय होता. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. इकडे कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभं केलं, आणि राजाभैया पूछवाल्यांसारखा गवई तिथं शिकवू लागला. दरबारी वेतनाचे दिवस सरत चालले तसे आपल्या मोठ्या गवयांनी वर्ग, पुस्तकं आणि परीक्षा हाती घेतल्या. शिकवणी ही गाणं न जमलेल्यांची वाट आहे असं कुणी म्हटलं तर त्याला ही नावं ऐकवावीत.

आधी वही: आवड नेमकी कशाची?

महिनाभर एक वही जवळ ठेवा आणि कुणी न सांगता संगीतातलं तुम्ही काय करता ते रोज रात्री दोन ओळींत लिहा. काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही, काय केलं तेवढंच.

एकाच्या वहीत निघतं की तो ध्वनिमुद्रणं जमवतो, साथीला कोण होतं ते शोधतो, तारखा लावतो. त्यानं संग्रह, संशोधन, निवेदन, रेडिओ या बाजूला पाहावं. एकीच्या वहीत शेजारच्या मुलांना बसवून गाणं शिकवल्याच्या नोंदी जास्त असतात. तिला शिक्षिका व्हायचंय, मग ती स्वतःला काहीही म्हणवून घेवो. एकाला गाणं ऐकताना मांडीवर ठेका धरल्याशिवाय राहवत नाही. एकजण कार्यक्रमाला गेला की गाण्याआधी माईक कुठे लावलाय ते बघतो. आणि काहींच्या वहीत खरोखरच रोज पहाटेचा रियाझ असतो, पाहुणे असोत की परीक्षा. या शेवटच्यांनी मंचाचा विचार जरूर करावा, तोही पुढच्या पायऱ्या न गाळता.

वही महिनाभर कोरीच राहिली तरी बिघडत नाही. तुम्ही उत्तम श्रोते असाल. श्रोत्यांचीच खरी टंचाई आहे, पण त्यावर पगार मिळत नाही.

तालीम कुणाकडे, कागद कुठला

गुरू आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि दोन्ही एकाच दारात भागतील असं धरून चालू नये. तालीम गुरूसमोर बसून मिळते. एकच बडा (विलंबित लयीतला) ख्याल महिनोन्‌महिने, तिलवाडा तालाची सोळा मात्रांची चाल अंगात मुरेपर्यंत. परीक्षेला याच्या उलट लागतं: ठरलेल्या मुदतीत अमुक इतके राग, त्यांचे आरोह-अवरोह, लिपीत लिहिलेल्या बंदिशी. दोन्ही करा. फक्त परीक्षेचे राग हीच तालीम समजू नका, आणि "आम्ही परीक्षा मानत नाही" या रुबाबात नोकरीचं दार स्वतःच्या हातानं लावून घेऊ नका.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. प्रवेशिका आणि मध्यमा करत विशारद, मग अलंकार. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना या सोयीच्या. रीतसर पदवी हवी तर शहरातच राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठ आहे. बाहेर जायची तयारी असेल तर खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून याच कामाला वाहिलेलं.

कुठल्या नोकरीला कुठला कागद चालतो हे फार लवकर बघून ठेवा. विशारद पदवीच्या बरोबरीची धरतात का, याचं सगळीकडे लागू पडेल असं उत्तर नाही. प्रत्येक जाहिरातीत पात्रतेची ओळ असते, ती शब्दशः वाचायची. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर संगीतात एम.ए., खुल्या वर्गाला ५५ टक्के गुण आणि यूजीसी नेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये संगीताचा विषय क्रमांक १६. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. संशोधनाच्या काळात एवढ्यात ग्वाल्हेरचं घर बरं चालतं.

शिष्यवृत्त्यांकडे आपले पालक उशिरा वळतात. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलगी नववीत गेल्यावर चौकशी केली की बहुतेक वेळ गेलेली असते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. रक्कम मोठी नाही, पण नातेवाइकांसमोर "सरकार पैसे देतं" हे वाक्य फार कामाला येतं.

साथ शिका. हीच माझी मुख्य शिफारस

गाणाऱ्यांनी पेटी शिकावी, निदान बंदिश धरता येईल इतका तबला शिकावा. तबलजींनी लेहरा, म्हणजे एकल तबल्यामागे फिरत राहणारी सुरावट, धरायला शिकावं. ग्वाल्हेरात पेटीला कमी लेखायचं कारणच नाही. शिंदे घराण्यातले भैय्या गणपतराव याच पेटीवर ठुमरी वाजवून नावारूपाला आले. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं, तरी घराघरांतली आणि देवळांतली पेटी काही थांबली नाही.

साथीचं काम बाहेरून सोपं दिसतं. कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोचा आणि पहिल्यांदा पट्टी विचारा, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ते. पुरुष बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास, बायका काळी चार-काळी पाच, पण अंदाजावर जाऊ नका. पेटी उघडली की आधी भाता सोडून एकेक सूर तपासा. एखादी पत्ती (रीड) अडकलेली असते, एखादा सूर उतरलेला असतो, आणि तो नेमका गाणाऱ्याचा पंचम निघतो. तंबोरा पेटीला मिळवायचा, पेटी तंबोऱ्याला मिळत नसते. ॲपवरचा तंबोरा असेल तर त्याची पट्टी जागच्या पेटीशी जुळवून घ्या. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नेमक्या बसतातच असं नाही.

गाणं सुरू झाल्यावर पहिला नियम हात आवरण्याचा. विलंबितात गायक आलापी करतोय तोवर षड्ज-पंचमाचा आधार पुरे. तो थांबला की त्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं वाजवायचं, आपलं नवं वाक्य जोडायचं नाही. त्याच्या पुढे धावलात तर पुढचं बोलावणं नाही. तराण्यात द्रुत तानांच्या मागे मागे, अर्धी मात्रा उशिरा का होईना पण स्वच्छ. टप्पा या गायनप्रकारात तर नुसतं ऐका आणि समेवर या. टप्प्याची खटकेदार तान पेटीवर पकडायला जाणारे आपलं आणि गाणाऱ्याचं असं दोघांचं नुकसान करतात.

ही कला घासून घ्यायची जागा कीर्तन. मोठमोठ्या मैफलींत जे वर्षभरात शिकायला मिळणार नाही ते एका कीर्तन सप्ताहात मिळतं. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा कीर्तनकारांच्या परंपरेमुळे आपल्याकडे कीर्तनाचा कान अजून शाबूत आहे. कीर्तनकार पूर्वरंगात एका पट्टीत असतो, उत्तररंगात आख्यान चढलं की आर्या, साकी, दिंडी, अभंग, पद अशा उड्या मारतो आणि पट्टी सांगायला थांबत नाही. त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत सूर पकडायचा. हे ज्याला साधलं त्याला नाट्यसंगीत, भावगीत, भजनी मंडळ, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, काही जड जात नाही. आणि हे सगळे पैसे देणारे कार्यक्रम आहेत.

पैशाचं बोलणं. आपल्याकडे बिदागीचा विषय काढायला जीभ अडखळते. निमंत्रण बहुतेक असं येतं:

"दादा, रविवारी मंडळात अभंगांचा कार्यक्रम आहे. पेटीला याल ना?"

"येईन की. गातंय कोण? पट्टी काय? तबल्याला कोण आहे? आणि बिदागी किती धरली आहे?"

"अहो बघू ना, घरचाच तर कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम घरचा खरा, टेम्पोवाला बाहेरचा आहे."

हसत बोला, पण आकडा फोन ठेवण्याआधी ठरू द्या. नवखे असाल तर आकडा लहान सांगा, फुकट सांगू नका. वर्षातून दोनचार कार्यक्रम मनानं फुकट करा. गुरूंच्या घरचा उत्सव, देवळातली काकडआरती असे. ते तुम्ही निवडलेले असोत, गळ्यात पडलेले नकोत. एकदा फुकट गेलात की त्या मंडळाच्या हिशेबात तुमची रक्कम कायमची शून्य होऊन बसते. पुढं ती वाढवायला गेलं की "बदलला बुवा हा" असं ऐकावं लागतं.

मुलींसाठी एक जादा गोष्ट. रात्रीच्या कार्यक्रमाला जायची-यायची सोय बिदागीच्या बोलण्यातच ठरवा, वेगळी विनंती म्हणून नको. आयोजकाला सवय लागते, आणि घरच्यांचा अर्धा विरोध तिथंच मावळतो.

शिकवणी: खरी भाकरी इथली

मध्यमा पूर्ण झाली आणि गुरूंनी होकार दिला की लहान मुलांची शिकवणी सुरू करायला हरकत नाही. गुरूंना विचारल्याशिवाय नको. यात शिष्टाचार तर आहेच, शिवाय जास्तीचे विद्यार्थी पुढं तेच पाठवतात.

एका वर्गात चारपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. पाचवं मूल आलं की कुणाचा सूर उतरतोय ते ऐकू येत नाही. पहिला महिना फक्त सा. खरंच. पालक कुरकुरतात, "अजून एक गाणं नाही शिकवलं?" म्हणून. त्यांच्यासाठी चौथ्या आठवड्यात एक श्लोक किंवा भूप रागातली सोपी सरगम द्या, पण मुलांना तंबोऱ्यात सा मिळवण्याची गोडी याच महिन्यात लागते. नंतर ती लावता येत नाही. अलंकार म्हणताना हातानं टाळी-खाली द्यायला लावा. ताल वेगळा विषय म्हणून पुढं शिकवायला गेलात तर मूल तो आयुष्यभर वेगळाच समजतं.

तुमचा स्वतःचा गळा जपा. दिवसाला तीन वर्ग घेणाऱ्या शिक्षकाचा आवाज वर्षभरात बसतो, कारण तो सगळ्या मुलांच्या पट्टीत मुलांबरोबर गातो. एकदा गाऊन दाखवा, दुसऱ्यांदा पेटीवर द्या, तिसऱ्यांदा त्यांनाच म्हणू द्या. विद्यार्थी संध्याकाळी चार ते आठ येणार, तेव्हा रियाझ पहाटेच उरकलेला हवा. शिकवण्याआधी गाऊन घेतलं नाही तर त्या दिवशी आपलं गाणं झालंच नाही असं समजा. "रात्री बसू" म्हणणारे रात्री बसत नाहीत.

फीचे नियम पहिल्या दिवशी कागदावर द्या: महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ, मुलाच्या गैरहजेरीचा तास भरून मिळणार नाही, शिक्षक गैरहजर असेल तर मिळेल. आपल्या गोतावळ्यात हे कठोर वाटतं. पण वर्गातली निम्मी मुलं मावशी-काकूंची असतात आणि तिथंच पैसे थकतात. भाचीला फी माफ करायची तर सरळ माफ करा, थकबाकी ठेवून मनात कुढत बसू नका.

ऑनलाइन शिकवणीनं ग्वाल्हेरकरांना मोठं दार उघडलं आहे. इथून पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेलेल्या आपल्याच लोकांच्या मुलांना मराठीत शिकवणारं कुणीतरी हवं असतं. तंत्राच्या दोन गोष्टी सांभाळा. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू ठेवा, नाहीतर ते सॉफ्टवेअर तंबोऱ्याला गोंगाट समजून गाळून टाकतं आणि लांबवलेला सूर मधेच तुटतो. दुसरं, दोघांनी एकत्र गायचा प्रयत्न करू नका. आवाज पोचायला उशीर लागतो, ताल जुळत नाही. तंबोरा आणि ठेका विद्यार्थ्याच्या बाजूला वाजू द्या, तुम्ही ऐका, मग थांबवून सांगा. पाठ संपल्यावर बंदिशीचं स्वच्छ ध्वनिमुद्रण पाठवलं तर मुलं आठवडाभर त्याच्याशी घासतात.

पगाराच्या जागा

केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक स्तरावर संगीत शिक्षकाची जागा असते. बारावीला ५० टक्के आणि संगीताची पदवी ही साधारण अट. खासगी आणि निवासी शाळांत जाहिरातीपेक्षा ओळखीनं कळतं, म्हणून आंतरशालेय स्पर्धांत पेटीची साथ करत राहा. मुख्याध्यापक आणि संगीत शिक्षक तिथंच भेटतात.

रेल्वेचा सांस्कृतिक कोटा फार जणांना माहीतच नसतो. प्रत्येक झोन मोजक्याच जागा काढतो. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष गायन-वादन आणि प्रमाणपत्रांचे गुण. ग्वाल्हेर झांशी मंडळात, म्हणजे उत्तर मध्य रेल्वेत येतं. पण अर्ज दुसऱ्या झोनलाही करता येतो. काम कार्यालयातलं, पण नियमित पगार आणि कार्यक्रमांसाठी मिळणारी मोकळीक यांमुळे बऱ्याच वादकांनी या नोकरीत राहून आपलं वादन टिकवलं.

आकाशवाणीची ऑडिशन प्रत्येकानं द्यावी. श्रेण्या बी, बी हाय, ए आणि टॉप. बी मिळाली तरी नावापुढे ती लिहिली की आयोजक बिदागीवर जास्त घासाघीस करत नाही. ऑडिशनला मोठा, अनवट राग नेऊ नका. यमन, भैरव, अल्हैया बिलावल यांतच चुका सगळ्यात लवकर कळतात, आणि ऐकणारे तेच बघत असतात.

वाद्यं आणि ध्वनी

या भागात स्पर्धा कमी आहे. तंबोरे मिरजेचे, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ग्वाल्हेरातला तंबोरा जवारीसाठी मिरजेला पाठवायचा म्हणजे भाडं, बांधाबांध आणि वाटेत भोपळा फुटायची धास्ती. जवारी काढणारा हात शहरात असेल तर त्याला काम कमी पडत नाही.

काम कसं असतं ते सांगतो. तारा वर्षानुवर्षं खालच्या घोडीवर घासून तिच्यात खाचा पडतात, आणि तंबोरा बोलायचा थांबतो. तार सैल करून, घोडीचा माथा कानशीनं अगदी हलक्या हातानं घासत उतार पुन्हा नेमका करायचा. एक झटका जास्त झाला की स्वर टणत्कारतो, कमी पडला तर मुका राहतो. मग तारेखाली सुती धागा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवत जायचा. एका जागी तार एकदम खुलते आणि षड्जातून गांधार ऐकू यायला लागतो. तिथं धागा थांबवायचा. हे शिकायला मिरजेच्या एखाद्या कारागिराकडे काही महिने राहावं लागतं, व्हिडिओ बघून येत नाही. पेटीच्या पत्त्या लावणं, भात्याची गळती काढणं तुलनेनं सोपं आहे आणि रोजचं काम तेच आणतं.

ध्वनीत रस असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. तेवढं जमणार नसेल तर शहरातल्या एखाद्या चांगल्या साउंडवाल्याकडे एक हंगाम उमेदवारी करा. ज्याला बायाँची (डग्ग्याची) घुमार आणि तबल्याच्या चाटेचा (कडेचा) आवाज वेगळे ऐकू येतात, असा माणूस ध्वनिमिश्रकामागे बसला तर गवई त्याचं नाव लक्षात ठेवतात. आपल्याकडच्या शास्त्रीय कार्यक्रमांत निम्मे वैताग माईकचे असतात. गायक सारखा हातानं "वाढवा, वाढवा" करत असतो आणि पलीकडचा माणूस लग्नाच्या डीजेच्या हिशेबानं इको वाढवतो.

हिशेब आणि हक्क

दुसरी वही पैशाची. तारीख, कुणाचा कार्यक्रम, ठरलेली बिदागी, मिळालेली, कधी मिळाली. वर्षाअखेर या वहीवर नजर टाकली की कुठल्या आयोजकाला "तारीख मोकळी नाही" म्हणायचं ते आपोआप कळतं.

मोठ्या संस्था मानधनातून १० टक्के कर कापून देतात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतं. बरेच कलावंत भरतच नाहीत आणि पैसे सोडून देतात. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, हे एखाद्या आयोजकाच्या हिशेबनिसाला ठाऊक नसतं, त्याला दाखवून द्यावं लागतं.

चाली बांधत असाल, अभंगांना किंवा मालिकांना संगीत देत असाल, तर आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही. "एकरकमी घ्या आणि सही करा" असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी घरी आणून वाचा.

डिसेंबर रिकामा ठेवा

डिसेंबरातला तानसेन संगीत समारोह म्हणजे आपल्या दारात आलेला वर्ग, तोही फुकट. सकाळी शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा, मग मीलाद (पैगंबरस्तुती), आणि नंतर सभा. नुसतं ऐकून परत येऊ नका. साथीदारांवर लक्ष ठेवा: तबलजी गायकाच्या नजरेकडे कधी बघतो, पेटीवाला कधी थांबतो. सभा संपल्यावर साथीदारांना भेटा. मुख्य कलावंताभोवती गर्दी असते, साथीदार एका बाजूला तबला कपड्यात गुंडाळत मोकळे असतात आणि खूप सांगतात. त्यांना चहा पाजा. कुणी आजारी पडलं, गाडी चुकली, तर आयत्या वेळी स्थानिक तबलजी किंवा पेटीवाला लागतो. तेव्हा ज्याच्याशी कालच बोलणं झालंय तोच त्यांना आठवतो.

ग्वाल्हेरला २०२३ मध्ये युनेस्कोनं संगीताचं शहर म्हणून मान दिला, तेव्हापासून बाहेरून येणारे पाहुणे वाढतील असं बोललं जातं. इंग्रजी आणि हिंदीत घराण्याविषयी नीट बोलणारा, सरोद घर हे वाद्यसंग्रहालय, सूफी संत मोहम्मद गौसांचा मकबरा आणि तानसेनांची समाधी दाखवून सोबत दोन बंदिशी ऐकवणारा मार्गदर्शक हे एक नवं काम होऊ शकतं. ज्याच्या पहिल्या वहीत तारखा आणि ध्वनिमुद्रणं भरली होती, त्यानं हे करून बघावं.

नोकरी कधी सोडायची

बँकेत, शाळेत, दुकानात असणारी मंडळी हाच प्रश्न विचारतात, आणि वय चाळिशीच्या पुढचं असतं. साधा हिशेब करा. समजा बारा विद्यार्थी आणि प्रत्येकी महिना ८०० रुपये, म्हणजे ९,६०० होतात. त्यात साथीचे महिन्याला चार कार्यक्रम, प्रत्येकी दीड हजार धरले तर ६,०००. एकूण १५,६००. यातून मे महिना वजा करा, कारण सुट्टीत मुलं गावाला जातात. पितृपंधरवड्यात कार्यक्रम नसतात, चातुर्मासात कीर्तन वाढतं आणि लग्नसराईत शास्त्रीयाला कुणी विचारत नाही. वर्षाचं खरं उत्पन्न बाराच्या गुणाकारातून मिळत नाही, साधारण दहा महिन्यांचं धरा.

हा आकडा घरखर्चाच्या निम्म्यावर सलग वर्षभर राहिला, तर नोकरी अर्धवेळ करण्याचा विचार करा. पूर्ण सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या आणि आरोग्य विमा स्वतःच्या नावावर काढून घ्या, कारण नोकरीतला विमा राजीनाम्याबरोबर जातो. घरात नवऱ्याशी, बायकोशी, सासूशी हा कागद समोर ठेवून बोला. "माझं स्वप्न आहे" हे ऐकून घरातली माणसं घाबरतात. दहा महिन्यांचा हिशेब दिसला की मग ती शंका विचारतात, आणि त्या शंकांना उत्तरं देता येतात.